टल्सा, ओमाहा, टोलेडो

वलीमियांनी मीटिंगची वेळ अकराची ठरवली होती आणि साडेदहापासूनच ते हॉलमधल्या सोफ्यावर चष्मा पुसत बसले होते. अमिरातीतल्या खोर फक्कानच्या बंदरात फोरमन म्हणून उभी हयात घालवलेल्या या माणसाला मीटिंगशिवाय करमत नसे. निवृत्त झाल्यापासून मीटिंगा फक्त घरच्यांच्याच उरल्या होत्या, आणि त्या भरवायच्या तर शारजाहून मुलगा, सून, मुलगी आणि नात यांना डोंगरातले बोगदे ओलांडून इकडे बोलवावं लागे. दर वेळी कुणीतरी कुरकुर करायचंच.

या शनिवारी मात्र कुणी कुरकुर केली नाही. मुलीला, मरियमला, सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

मरियमने अमेरिकेला जायचं हे वर्षभरापूर्वीच ठरलं होतं. तिने तिथली नर्सिंगची परीक्षा दिली, पास झाली, घरात एकदा रडारड झाली, एकदा अबोला झाला आणि मग सगळ्यांनी ते मान्यही केलं. आता एजन्सीने तीन हॉस्पिटलं पुढे ठेवली होती, तीन निरनिराळ्या शहरांतली. तिन्हीकडे काम तेच, लहान बाळांच्या आयसीयूतलं, आणि पगारात उन्नीस-बीसचा फरक. शहर कुठलं एवढंच तिने सांगायचं होतं. टल्सा, ओमाहा की टोलेडो.

वलीमियांना ही नावं पहिल्यांदा ऐकून पटलीच नव्हती. कंटेनरच्या कागदांवर त्यांनी न्यूयॉर्क, ह्यूस्टन, सवाना ही नावं शेकडो वेळा वाचली होती, पण यातलं एकही कधी दिसलं नव्हतं. ही गावं नक्की अमेरिकेतच आहेत ना, असं त्यांनी फोनवर विचारलं, तेव्हा मरियमने समजावून सांगितलं की तिकडची मुंबई-दिल्ली वेगळी, ही आपली नाशिक, कोल्हापूर, सांगली समजा. मध्यम गावं, माणसाला परवडणारी.

"म्हणजे बाणकोटपेक्षा मोठी?"

"पुष्कळ मोठी, अब्बा."

मग त्यांनी फॅमिली ग्रुपवर कामं वाटून दिली. टोलेडो स्वतःकडे ठेवलं, कारण नकाशात ते पाण्याच्या काठी दिसत होतं. टल्सा मुलाला, झुबेरला दिलं, ओमाहा सून बिलकीसला. मरियमच्या इनायाने, म्हणजे तेरा वर्षांच्या नातीने, कोण काय फेकतंय ते फोनवर तपासायचं. आणि जेवण बायकोने, जैनबने करायचं हे त्यांनी लिहिलंच नाही, धरून चालले. जैनबने त्या मेसेजला अंगठा दिला नव्हता. पण सकाळी जाऊन ती सुरमई घेऊन आली होती, पस्तीस दिरहॅम किलो, म्हणजे आठशेच्या वर रुपये, असं दोनदा पुटपुटून.

अकराला दहा कमी असताना सगळे पोचले, आणि चहा होताच वलीमियांनी टोलेडोला हात घातला.

त्यांनी तयारी जोरदार केली होती. टोलेडो हे सरोवराच्या काठचं गाव, पण सरोवर नावालाच. पलीकडचा किनारा दिसत नाही, म्हणजे समुद्रच की. अटलांटिकमधली मोठी जहाजं नदीतून आणि कालव्यांतून चढत चढत थेट तिथवर येतात, धान्य नेतात, कोळसा नेतात. हे सांगताना त्यांनी हाताने पाण्याचे जिने दाखवले. जे गाव जहाजं ओळखतं तिथली माणसं परक्याला हसत नाहीत, हा त्यांचा स्वतःचा सिद्धांत होता आणि तो त्यांनी टोलेडोच्या खात्यावर जमा करून टाकला.

जैनबने स्वयंपाकघराच्या दारातून मासळीचं विचारलं.

"सरोवराची मिळते," वलीमियां म्हणाले. "तिथल्या एका माशाचं नाव वॉलाय."

"नाना, दे हॅव अ फिश नेम्ड आफ्टर यू," इनाया म्हणाली. वलीमियांना याचा एवढा आनंद झाला की पुढचा मुद्दा ते विसरले आणि मरियमने त्यांना आठवण करून दिली. पुढचा मुद्दा मशिदीचा होता. शहराबाहेर, हायवेला लागून, मक्याच्या शेतांतून वर आलेला पांढरा घुमट आणि दोन मिनार. लेबनानचे लोक शंभर वर्षांपासून त्या गावात राहतात, हलाल मटणाची दुकानं आहेत, रविवारी मुलांचे वर्ग भरतात. जैनब हात पुसत बाहेर आली, फोटो पाहिला आणि तिच्यापुरता विषय खलास झाला. मरियमही फोटोकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली.

वलीमियां आता पाणी पिणार होते. तेवढ्यात खाली चटईवर लसूण सोलत बसलेल्या बिलकीसने सहज विचारल्यासारखं विचारलं, की अब्बांनी तिथल्या उन्हाचं काही पाहिलं का.

उन्हाचं कुणीच पाहिलं नव्हतं. बिलकीसने पाहिलं होतं. नोव्हेंबर लागला की टोलेडोवर राखाडी आभाळ बसतं ते आठवडेच्या आठवडे उठत नाही. लोक उन्हासारखा उजेड देणारे दिवे विकत आणून सकाळी त्यांच्यासमोर बसतात, नाहीतर मन खचतं. आणि ते सरोवर थंडीत गोठतं, तेव्हा बंदरसुद्धा बंद होतं. जहाजं येतच नाहीत.

"किती दिवस?" वलीमियांनी विचारलं.

"दोन-अडीच महिने तरी."

इनायाने फोनमध्ये पाहून मान हलवली. वलीमियांनी चष्मा काढला. खिडकीतून त्यांना बंदराच्या क्रेन दिसत होत्या. वादळ असो, ईद असो, त्या कधी थांबलेल्या त्यांनी पाहिल्या नव्हत्या. कुलूप लावलेलं बंदर त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहीना. टोलेडोबद्दल आणखी काही बोलायचं त्यांनी टाळलं, आणि आता झुबेरने बोलावं असं सांगितलं.

झुबेरला याच क्षणाची घाई झाली होती. त्याचं शारजात जुन्या गाड्यांच्या पार्टचं दुकान होतं, आणि त्याचा माल म्हणजे अमेरिकेत आपटलेल्या, बुडालेल्या, विम्यात निघालेल्या गाड्या. आपण अमेरिकेला गेलो नसलो तरी अमेरिका आपल्याकडे कंटेनर भरभरून येते, असं तो म्हणायचा. त्याने सगळ्यांना ऐकवलं की गाडीच्या पोटाखाली वाकून पाहिलं की ती कुठल्या गावची ते कळतं. उत्तरेकडची असेल तर तळ गंजून पोखरलेला. तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, आणि जिथे लोखंडाची ही गत तिथे माणसाची काय होत असेल. टल्साच्या गाडीचा तळ मात्र कोरा करकरीत. ऊन आपल्यासारखं, रस्ते रुंद, आणि गाव वाढलं तेच तेलावर.

"तेलाचं गाव," तो म्हणाला. "म्हणजे आपल्याला काही नवीन नाही. फक्त हिवाळ्यात एक स्वेटर."

वडील अजून टोलेडोच्या दुःखात आहेत हे त्याने पाहिलं होतं, म्हणून हुकमाचं पान त्याने शेवटी टाकलं. टल्सालाही बंदर आहे. समुद्रापासून शेकडो मैल आत, पण मिसिसिपी नदीतून आणि तिच्या उपनदीतून तराफे थेट तिथपर्यंत येतात. आणि ते बारमाही चालू असतं.

वलीमियांनी चष्मा परत लावला. त्यांनी इनायाचा फोन मागून घेतला, नकाशावर नदी बोटाने खालपासून वरपर्यंत नेली आणि हे ज्याने केलं तो माणूस मोठा असला पाहिजे, असं म्हणाले. ते एवढं म्हणाले म्हणजे बाजू बदलली हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग झुबेरला अनपेक्षित मदत मिळाली. बिलकीसने टल्साची बाजू घेतली. नदीकाठी मुलांसाठी केवढं मोठं उद्यान केलंय, आत जायला पैसे नाहीत, झाडांत बांधलेल्या वाटा आहेत, इनायाला आवडेल, असं ती सांगू लागली. झुबेर बायकोकडे पाहतच राहिला. सासरच्या माणसांसमोर बिलकीसने त्याची री ओढल्याचं त्याला अलीकडे तरी आठवत नव्हतं. दोघे मिळून बोलत आहेत, वडील माना डोलावत आहेत, बहीण हसते आहे, हे त्याला फार बरं वाटलं. जैनबने मशिदीची चौकशी केली, टल्सालाही आहे असं कळलं, आणि तीही नरमली.

"मग टल्सा?" मरियमने सगळ्यांकडे पाहत विचारलं.

"टल्सा," झुबेर म्हणाला.

"चांगलंच आहे," बिलकीस म्हणाली. "फक्त ते तुफानाचं तेवढं बघावं लागेल."

झुबेरला त्या 'फक्त'मध्येच काय ते कळलं. बिलकीस शांतपणे सांगत होती. वसंतात तिथे चक्रीवादळं उठतात, छप्परं उडवून नेतात. गावभर भोंगे बसवलेत आणि ते नीट वाजतात की नाही हे आठवड्यातून एकदा वाजवून बघतात. तळघर नसलं तर लोक बाथटबमध्ये डोक्यावर उशी धरून बसतात. मरियमची ड्यूटी बारा तासांची. ती हॉस्पिटलमध्ये असताना भोंगा झाला, तर इनायाने बाथटबमध्ये एकटीने बसायचं.

झुबेरने सांगून पाहिलं की असं रोज होत नाही, तिथे लाखो लोक मजेत राहतात.

"तुम्हीच मला दाखवल्या होत्या ना," बिलकीस म्हणाली, "तिकडच्या गाड्या? तळ कोरा आणि टपावर खड्डेच खड्डे. लिंबाएवढ्या गारा पडतात, हे तुम्हीच सांगितलंत."

त्याने सांगितलं होतं. दुकानात ती डबा घेऊन आली होती तेव्हा, मोठ्या कौतुकाने, एका पांढऱ्या गाडीच्या टपावरून तिचा हात फिरवून. आपली बायको इतकं लक्ष देऊन ऐकते याचा त्याला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

जैनबने पानं वाढायला घेतली. रिकाम्या पोटी आणखी एखादं गाव उडालं तर भांडणं होतील, असं ती म्हणाली.

जेवताना वाद नको असं ठरलं होतं, पण ओमाहा ताटावरच निघालं. विषय इनायाने काढला. तिथे म्हणे एक प्राणिसंग्रहालय आहे आणि त्यात प्रचंड काचेच्या घुमटाखाली वाळवंट केलेलं आहे, खऱ्या वाळूचं, लाल टेकडीसकट. बाहेर बर्फ पडत असतो आणि आत लोक वाळवंट बघत फिरतात.

वलीमियांचा घास हातात राहिला. "आपण इथून उठून तिकडे जायचं, आणि तिकीट काढून वाळवंट बघायचं?"

"इट्स एअर-कंडिशन्ड, नाना."

त्यावर मात्र ते एवढे हसले की जैनबला त्यांच्या पाठीवर थापटावं लागलं. त्या हसण्याने टल्साची कडवट चव गेली, आणि बिलकीसने ओमाहाची बाजू मांडली. ती तिने इतकी छान मांडली की जैनब भात वाढायची थांबून ऐकू लागली. स्वच्छ, बेताचं गाव. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला अर्ध्या तासात गाडी जाते. घरं लाकडी, समोर गवत, मागे अंगण. शाळा चांगल्या. दुकानातली बाई अनोळखी माणसाचीही विचारपूस करते. हॉस्पिटलजवळच्या कुठल्या रस्त्यावर मेपलची झाडं आहेत आणि कुठल्या चौकात सकाळी गर्दी होते, हेही तिला ठाऊक होतं.

झुबेरने बदला म्हणून गंजलेल्या तळाचा मुद्दा परत काढला, पण त्यात जीव नव्हता. वलीमियांना वाळवंट आवडलं होतं. इनाया तर केव्हाच तयार होती. मरियमने हात धुतले, फोन उघडला आणि म्हणाली की तिलाही ओमाहा बरं वाटतंय, हॉस्पिटलही तिन्हींत मोठं आहे, तर मग लिहूनच टाकते.

"हो, लिही," बिलकीस म्हणाली. "थंडीचं काय ते डॉक्टरांना विचारून घे पण. उणे वीसपर्यंत जातं. घरातला एसी बावीसवर ठेवला तरी इनायाचे कान दुखतात."

झुबेरने हळूच विचारलं, ओमाहा तर तुझंच होतं ना?

जैनब सुनेकडे बघत होती. सकाळपासून तिला काहीतरी खटकत होतं, ते आता नीट समोर आलं. टोलेडो जिंकत होतं तेव्हा बिलकीस टोलेडोच्या विरुद्ध होती. टल्साच्या बाजूने ती तेवढाच वेळ होती, जेवढा वेळ टल्सा ठरलेलं नव्हतं. आणि आता स्वतःच बांधलेलं ओमाहा तिने स्वतःच्या हाताने पाडलं होतं.

सात वर्षांपूर्वी इनायाच्या बापाने दोह्याला दुसरा संसार मांडला, तेव्हा मरियम लेकीला घेऊन शारजातल्या रोल्ल्याला भावाच्या बिल्डिंगमध्ये, त्याच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायला आली. दोन्ही दारं दिवसभर उघडी असत. मरियम ड्यूटीवर गेली की इनाया चप्पलसुद्धा न घालता पलीकडे जाई. तिचे दात पडले ते बिलकीसच्या घरात, पाढे झाले ते बिलकीसच्या ओट्यावर बसून. बिलकीसला मूल नव्हतं. त्यावर या घरात बोललं जात नसे, आणि बोलावं लागेल असं गेल्या सात वर्षांत झालंही नव्हतं.

"बिलकीस," जैनब म्हणाली, "तुझं मत नक्की कुठल्या गावाला?"

बिलकीसने ताटातला काटा उगाचच बाजूला केला.

"हिचं मत रोल्ल्याला," झुबेर म्हणाला.

त्याने ते गमतीत म्हटलं होतं. कुणी हसलं नाही, आणि मग त्यालाही आपण काय बोलून गेलो ते समजलं. बिलकीस उठली, हात धुतले, गाडीत काहीतरी राहिलंय असं म्हणाली आणि खाली गेली. गाडीची किल्ली टेबलावरच होती.

मरियमला ती किनाऱ्यावरच्या फिरायच्या रस्त्यावर, कॉर्निशवर, समुद्राकडे तोंड करून एका बाकावर बसलेली सापडली. जानेवारीचं ऊन होतं, अंगाला बरं वाटणारं. वाळूत पोरं फुटबॉल खेळत होती. मरियमने टपरीवरून दोन करक, म्हणजे दाट दुधाचे कडक चहा आणले, एक तिच्या हातात दिला आणि शेजारी बसली. थोडा वेळ दोघी फुटबॉल बघत राहिल्या.

"मी काही तुला अडवत नव्हते," बिलकीस म्हणाली.

"माहितेय, भाभी."

"अडवतच होते," बिलकीस म्हणाली आणि चहाचा घोट घेतला.

मग ती बोलत राहिली, मरियमकडे न बघता. तीन गावांची नावं कळली त्या दिवसापासून ती दुपारभर फोनवर तिकडेच असायची. ओमाहात एक म्हातारा आहे, तो कुत्र्याला फिरवताना कॅमेरा चालू ठेवतो. त्याच्या मागे मागे ती सगळं गाव हिंडली होती. टल्साच्या आयांच्या ग्रुपवर ती मेंबर होती, शाळेची बस उशिरा आली तर तिला इथे कळायचं. टोलेडोत आज बर्फ आहे की पाऊस, हे ती शारजाच्या हवेआधी बघायची. आधी वाटलं होतं की सगळं पाहून ठेवावं, म्हणजे मरियमला मदत होईल. पण जितकं बघावं तितकं तिथे या दोघी दिसायला लागायच्या, आणि मग ती त्या गावाची खोट शोधायला लागायची.

"प्रत्येक गावात खोट असते," ती म्हणाली. "नीट शोधली की सापडते."

मरियमने काही कबूल केलं नाही आणि काही समजावलंही नाही. जायचं का, हे दोघींचं बोलून झालेलं होतं. दर दोन वर्षांनी व्हिसाच्या शिक्क्याकडे बघत जगायचा तिला कंटाळा आला होता; नोकरी गेली की महिन्याभरात घर गुंडाळायचं, ही भीती तिला लेकीच्या हातात द्यायची नव्हती. हे बिलकीसला पटलेलं होतं. पटणं आणि सोसणं या दोन निराळ्या गोष्टी होत्या, एवढंच.

"तिन्ही गावं तुझ्याएवढी कुणी पाहिलेली नाहीत," मरियम म्हणाली. "मग तूच सांग. माझ्या जागी तू असतीस तर कुठे गेली असतीस?"

"मी गेलेच नसते."

"आणि मी जाणारच असेन तर?"

बिलकीसने कप बाकावर ठेवला. मरियमला वाटलं की आता पुन्हा एखादं वादळ निघेल.

"टोलेडो," बिलकीस म्हणाली.

मरियमने तिला राखाडी आभाळाची आठवण करून दिली. ते आहेच, असं बिलकीस म्हणाली, दिवा घ्यावा लागेल. ओमाहा नीटनेटकं आहे, टल्सा देखणं आहे, पण दोन्ही ठिकाणी तू हॉस्पिटलला गेलीस की पोरगी घरात एकटी. तिथली माणसं चांगली, पण ती आपापल्या गवताच्या पलीकडे राहतात. टोलेडोत मशिदीमुळे बायका एकमेकींना धरून आहेत. कुणाच्या मुलाला शाळेतून कुणी आणलं, कुणाकडे कोण जेवलं, याचे मेसेज चालू असतात.

"रझिया म्हणून आहे एक, हैदराबादची. तिकडच्याच ग्रुपवर भेटली. तिची मुलगी इनायाच्याच वयाची. हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर राहते आणि तिच्या मजल्यावर उन्हाळ्यात एक फ्लॅट रिकामा होतोय." बिलकीसने अजूनही मरियमकडे पाहिलं नव्हतं. "समोरचाच. मी विचारून ठेवलंय."

मरियमने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. सकाळी याच बाईने चटईवर लसूण सोलता सोलता टोलेडोचा निकाल लावला होता.

"तिने विचारलं, कौन आ रहा है," बिलकीस म्हणाली. "मी लिहिलं, माझी मुलगी येतेय. पाठवल्यावर लक्षात आलं. मग खाली लिहिलं, तिची आई पण."

मरियम हसायला लागली आणि हसता हसता तिने ओढणीने डोळे पुसले. बिलकीसनेही पुसले, आणि मग वाळूतला फुटबॉल बाकाला येऊन आपटला, चहा सांडला, आणि दोघींना उठावंच लागलं.

त्या वर आल्या तेव्हा घरात कमालीची शिस्त होती. झुबेर न सांगता भांडी विसळत होता. वलीमियां सोफ्यावर ताठ बसले होते. मधल्या वेळात जैनबने दोघांना काय सुनावलं असेल त्याचा मरियमला अंदाज आला. इनाया कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती; तिच्या हातात फोन नव्हता.

बिलकीस उभ्यानेच बोलली. अम्मींनी विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, असं म्हणाली.

"माझं मत टोलेडोला."

झुबेर ओले हात घेऊन दारात आला. वलीमियांच्या चेहऱ्यावर आनंद येऊ बघत होता, पण ते त्याला येऊ देत नव्हते. आज सकाळपासून तीनदा फसलेला माणूस असा लगेच खूश होत नाही. सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत होते. बिलकीस गाव उचलून धरते ती आपटण्यासाठी, हे आता घरात सर्वांना ठाऊक झालं होतं. शेवटी झुबेरनेच विचारलं, आणि या वेळी गमतीत नव्हे.

"आणि तोटा?"

"तोटा एकच," बिलकीस म्हणाली. "लांब आहे."

जैनब तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. वलीमियांनी घसा साफ केला आणि बंदराबद्दल ते जेवणानंतर विचार करत होते असं सांगितलं. दोन-अडीच महिने बंद म्हणजे क्रेनना तेलपाणी होत असेल, रंगकाम होत असेल. वर्षभर राबणाऱ्या यंत्राला तेवढं लागतं. इथल्या साहेबांना हे त्यांनी किती वेळा सांगून पाहिलं होतं. त्यांच्या बोलण्याने खोलीतली हवा हलकी झाली. बिलकीस चटईवर बसली आणि बसल्या बसल्या तिने सूचना सुरू केल्या. बर्फाचे बूट इथून घ्यायचे नाहीत, इथले बूट तिथे एक हिवाळा टिकत नाहीत. मसाले न्यायचे, पण सुकी मासळी न्यायची नाही, एअरपोर्टवर काढून घेतात आणि वर बॅगेला वास येतो. इनायाचे कान झाकतील अशा टोप्या रझिया आधीच घेऊन ठेवणार आहे.

इनाया कोपऱ्यातून उठून तिच्याजवळ येऊन टेकली. "मामी, आर यू कमिंग?"

"जूनमध्ये येईन. थंडीत मला जमायचं नाही."

"प्रॉमिस?"

"इन्शाल्ला. व्हिसा दिला तर तीन महिने राहीन. तुझी आई कंटाळेपर्यंत."

झुबेर अजून दारातच उभा होता. टॉवेलने एकेक बोट पुसत त्याने विचारलं, की तीन महिने बायको टोलेडोला, मग त्याने काय करायचं.

"तुम्ही टल्साला जा," बिलकीस म्हणाली.

वलीमियांनी मांडीवर हात मारला. जैनब पदर तोंडाला लावून हसू लागली, इनाया तर चटईवर आडवीच झाली, आणि झुबेर, ज्याने खरं तर रागवायला हवं होतं, तो टॉवेल खांद्यावर टाकून सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला. त्या गडबडीत मरियमने फोन उघडला, सकाळपासून अर्धवट राहिलेल्या मेलमध्ये गावाचं नाव लिहिलं आणि मेल पाठवून दिला. ते फक्त बिलकीसने पाहिलं. क्षणभर ती हसायची थांबली. मग, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून, पुन्हा हसू लागली.